रविवारचं वाचन

आमच्या घरात सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसलेली पहिली सून मी. सासूबाई होत्या तोवर त्या दाराआडून बोलायच्या. माझ्या मोठ्या जाऊबाई, शालूताई, अजूनही चहाचा ट्रे टेकवतात आणि पदर सावरत आत जातात. मी मात्र बैठकीत, पुरुषांच्या बरोबरीने, खुर्चीत बसले. त्या खुर्चीचा मला माज होता. माज माझा होता; भोगलं माझ्या मुलीने, संस्कृतीने. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि सहावीत शिकत होती.

वाघोलीत आमच्या भावकीची शंभरावर घरं आहेत. जिथे ज्वारी व्हायची तिथे आता चोवीस मजली इमारती उभ्या आहेत, पण माझे सासरे आप्पासाहेब त्यांना इंग्रजी नावांनी हाक मारत नाहीत. कोणी पत्ता विचारला तर ‘विहिरीच्या पट्टीत, सातव्या मजल्यावर’ असं सांगतात. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक भरते. मोजणी, बांध, सोयरीक, रस्त्याला सोडायची जागा, सगळं तिथे ठरतं. आप्पांचं म्हणणं एकच: जे असेल ते चारचौघांत बोला. जमिनीच्या बाबतीत ते खरंही होतं. दाराआड ठरवलेल्या वाटण्यांवरून गावात सख्खे भाऊ कोर्टात गेले. बैठकीत झालेल्या वाटण्या अजून टिकून आहेत. त्यामुळे जे जमिनीला लागू ते पोरांनाही लागू, असं आप्पांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं. मला वाटलं, त्याचं नवल आहे. मी एम.एस्सी. बी.एड. आहे आणि शाळेत शिकवते.

झालं असं की भावकीतल्या रंगरावांची मुलगी, बारावीतली, मोबाईलवर ओळख झालेल्या मुलाबरोबर निघून गेली. चार दिवसांनी परत आणली. पुढच्या रविवारी बैठकीत दुसरा विषयच नव्हता. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

“पोरांचे मोबाईल काढून घेऊन भागनार न्हाय. शाळाच त्याच्यात हाय. पन दर रविवारी समदे मोबाईल हितं आनायचे. काय लिवलंय ते सगळ्यांसमोर वाचायचं. म्हंजे लिवतानाच धाक ऱ्हाईल.”

सुरुवात आमच्याच घरापासून झाली. पहिल्या रविवारी थोरले दीर, रणजितदादा, वाचायला बसले. मुलं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, तीही अर्धीमुर्धी. दादा दोन ओळींत घामाघूम झाले. मग आप्पा स्वयंपाकघराच्या दिशेने बघत म्हणाले, “अपेक्षाला बोलवा. मास्तरीन हाय ती. आन तिला खुर्ची द्या, उभ्यानं का वाचील?”

मी ओले हात पुसत बाहेर आले. माझे मिस्टर, विक्रम, यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लाससुद्धा कधी पुढे केला नव्हता. मी बसले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मुलं अंघोळी करून यायची, पूजेनंतर आप्पांच्या पाया पडायची आणि मोबाईल ताटात ठेवायची. हो, ताटात. पितळी ताट होतं, कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे. शालूताईंचा यशराज नववीत होता. त्याच्या मोबाईलमध्ये शिव्यांचा खच असायचा. मी अडखळले की बैठक हसायची. “पोरगं हाय, चालायचंच,” असं म्हणून आप्पा ताट पुढे सरकवायचे. संस्कृतीकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. माझा जुना होता, शाळेच्या ग्रुपसाठी. त्यावर तिचं बोलणं व्हायचं ते मुख्यतः अवनीशी. अवनी शेजारच्या सोसायटीत राहायची, तिच्याच वर्गात होती. तिचे आईवडील सदाशिव पेठेतून इकडे मोठा फ्लॅट घेऊन आले होते. दोघींचं बोलणं म्हणजे गृहपाठ, भांडण, कोणाच्या डब्यात काय. मी ते वाचायचे, आप्पा मान डोलवायचे आणि माझ्या मुलीला चांगलं वळण आहे हे चारचौघांना दिसायचं. मला तेच हवं होतं.

मग तो रविवार आला. तिच्या मोबाईलवर मी बोट वर सरकवत होते आणि एक ओळ दिसली. अवनीला तिने लिहिलं होतं, ‘मला आप्पांच्या पाया पडायला आवडत नाही. त्यांच्या पायांना वास येतो. मी श्वास रोखून पडते.’

ती ओळ मला वाचण्याआधी दिसली होती. एक क्षण हातात होता. बोट थोडं आणखी सरकवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. यशराजच्या कितीतरी ओळी मी शालूताईंच्या भिडेखातर तशाच गाळल्या होत्या. पण रणजितदादा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, स्वतःच्या पोरीचं गाळते असं म्हणतील. उद्या ही खुर्ची जाईल. मी ती ओळ खणखणीत आवाजात वाचली.

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. मग आप्पा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीतूनच पाय पुढे केले आणि म्हणाले, “ये गं माजे आई. आज साबनानं धुतल्यात. बघ वास येतुया का.” सगळी बैठक हसत सुटली. यशराज जमिनीवर लोळून हसत होता. संस्कृती पुढे आली, वाकली आणि पायांवर डोकं टेकवलं. तिचे कान लालभडक झाले होते. मीही हसले. आपण खिलाडूपणे घेतो हे दाखवायला हसले.

आत गेल्यावर शालूताईंनी मला गाठलं. त्या आठवी शिकलेल्या. कणीक तिंबत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला आदी दिसलं न्हवतं व्हय गं?”

“दिसलं होतं.”

“मग गाळायचं की. ल्येकरू हाय.”

मी पोळपाट काढायला वळले. मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय.

दुपारी संस्कृती माझ्याजवळ आली. डोळे सुजले होते. “मम्मी, तू का वाचलंस?” एवढंच विचारलं. तेव्हा मी तिला जे वाक्य ऐकवलं ते पुढे मी शाळेच्या पालकसभेत दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी म्हणाले, “लपवावं लागेल असं लिहायचंच कशाला?”

ती “बरं” म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तिच्या मोबाईलवर काही सापडेना. गृहपाठ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाढ्यांचे फोटो. आठवड्यामागून आठवडे गेले. बैठकीत मी तिचा मोबाईल उघडला की अर्ध्या मिनिटात वाचून व्हायचा. आप्पा म्हणायचे, “याला म्हनत्यात वळन.” भावकीतल्या आणखी काही घरांनी हीच पद्धत उचलली. त्यांच्या सुना मला विचारायला यायच्या, वहिनी, नेमकं कुठे कुठे बघायचं? मी त्यांना शिकवायचे. घरात संस्कृती शांत झाली होती. विचारलं तेवढं बोलायची, वाढलं तेवढं खायची. तिच्या वयात मुली समजूतदार होतात असं मी स्वतःला सांगितलं. पोर गप्प झाली की आपल्याकडे तिला समजूतदार म्हणतात, हे मला नंतर सुचलं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी माझी शाळा लवकर सुटली. मी घरी होते. दीड वाजता व्हॅन आली आणि संस्कृती उतरली नाही. चालक म्हणाला, “ती बसलीच नाही मॅडम. मम्मी न्यायला येणार आहे म्हणाली.”

मी तिथेच फाटकात मोबाईल काढला. शाळेत फोन केला. ती बारा चाळीसला फाटकातून बाहेर पडली होती. मी चपला कशाबशा पायात घालून अवनीच्या सोसायटीत धावले. अवनीची आई, हेमाताई, दारात आल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि एक शब्द न विचारता अवनीला हाक मारली. अवनी डायनिंग टेबलाशी बसून जेवत होती. मला बघून तिने घास ताटात ठेवला.

“अवनी, संस्कृती कुठे आहे?”

ती आईकडे बघायला लागली. हेमाताई तिच्या शेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. “सांग. तुला कोणी रागावणार नाही,” त्या म्हणाल्या. आणि मुलगी लगेच बोलायला लागली. हेमाताईंनी असं याआधी पुष्कळ वेळा म्हटलं असणार आणि दर वेळी ते खरं ठरलं असणार, हे माझ्या त्याही अवस्थेत लक्षात आलं.

अवनीने सांगितलं ते असं. संस्कृती मोबाईलवर एक खेळ खेळायची. त्यात खेळता खेळता बोलताही यायचं आणि खेळ काढून टाकला की मागे काही उरायचं नाही. शनिवारी रात्री ती तो काढून टाकायची आणि सोमवारी परत घ्यायची. त्यात तिला एक जण भेटला. आपण पुण्यातच कॉलेजला आहोत म्हणाला. ती त्याला दादा म्हणायची. तो तिचं सगळं ऐकून घ्यायचा. रविवारच्या बैठकीचंही तिने त्याला सांगितलं होतं, आप्पांच्या पायांचंही. मग त्याने तिला एकदा नाचून दाखव म्हणून सांगितलं. तिने गच्चीवर नाचतानाचा व्हिडिओ करून पाठवला. तेव्हापासून तो बदलला. आणखी पाठव म्हणाला, त्याला हवे तसे. ती नको म्हणाली.

“मग तो म्हणाला, मी हा तुझ्या मम्मीला पाठवतो,” अवनी म्हणाली. “म्हणाला, तुझी मम्मी रविवारी सगळ्यांसमोर लावेल.”

“पुढे सांग,” मी म्हणाले.

“ती म्हणाली, मम्मी लावेलच. मी तिला म्हटलं, सांग ना मम्मीला. तर ती म्हणाली, मम्मीला कसं सांगू, मम्मीच तर वाचते.” अवनी रडायला लागली. “त्याने सांगितलं, स्वारगेटला ये, तुझ्यासमोर डिलीट करतो. मी तिला जाऊ नको म्हटलं होतं, काकू.”

हेमाताई पोलिसांना फोन लावत होत्या. मी विक्रमना लावला. ते म्हणाले, “थांब, लगेच पोलीस नको. आपण आधी बघू. मी गाडी काढतो.” हेमाताईंनी माझ्या कानाशी लागलेल्या फोनकडे बघितलं आणि स्वतःचा फोन चालूच ठेवला. म्हणाल्या, “तुम्ही जा. मी सांगते त्यांना. तुमच्या यजमानांना वाईट वाटलं तर माझ्याकडे पाठवा.”

वाघोलीहून स्वारगेटला जायला किती वेळ लागतो ते नगर रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. गाडीत विक्रम सतत हॉर्न वाजवत होते. मी देवाला म्हणत होते, ती सापडू दे, फक्त सापडू दे. आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी चाललं होतं. त्या व्हिडिओत काय असेल? मला त्याची लाज वाटत होती. पोर हरवलेली असताना मला लाज वाटत होती, हे मी लिहून ठेवते आहे.

ती सापडली. एसटीच्या चौकशीच्या खिडकीजवळ, बाकावर, एका म्हातारीला चिकटून बसली होती. शेजारी पोलीस उभा होता. हेमाताईंच्या फोनमुळे आला होता. म्हातारीचं नाव सुशीलाबाई. भोरच्या गाडीची वाट बघत होत्या आणि संस्कृतीपायी दोन गाड्या सोडल्या होत्या.

“एकटी बसलेली दिसली,” त्या म्हणाल्या. “मग एक बाप्या आला. चांगला तिशी-पस्तिशीचा. हिला म्हनला, चल, गाडी बाहेर लावलीया. म्या इचारलं, कोन रं तू हिचा? तर म्हनला मामा. म्या पोरीला इचारलं, मामाचं नाव काय गं? हिला सांगता येईना. म्या आरडाओरडा केला तसा पळाला.”

मी संस्कृतीकडे हात पसरून धावले. सगळ्या आया करतात तसंच. ती उठली आणि म्हातारीच्या मागे गेली. तिचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला होता. माझे हात तसेच राहिले.

“मम्मी,” ती म्हणाली, “तुला आला का व्हिडिओ?”

विक्रमनी पोलिसाला ‘नंतर येऊन तक्रार देतो’ असं सांगितलं. घरी पोचलो तर बैठक भरलेली. रविवार नसताना बैठक भरल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. आप्पा दुपारचे जेवले नव्हते. नातीला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत पाठवलं. शालूताईंनी तिला वरणभात भरवायला घेतला. मी तिच्याजवळ बसले. तोवर बाहेर निकाल लागला होता आणि तो ऐकायला मला बोलावलं.

“पोर सुखरूप आली, देवाची किरपा,” आप्पा म्हणाले. “आता हे हितंच मिटवायचं. तक्रार करायची न्हाय. उद्या तिचं लगीन करायचंय. भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाय.”

“आप्पा, तो माणूस मोकळा आहे,” मी म्हणाले. “त्याच्याकडे तो व्हिडिओ आहे. मोबाईल पोलिसांना दाखवला तर सापडेल तरी.”

रणजितदादांनी तिचा घरीच राहिलेला मोबाईल टेबलावर ठेवला. “मी सगळं पुसलंय त्यातलं,” ते म्हणाले. “रीसेट मारलाय. घाण गेली एकदाची.”

त्यांना वाटत होतं, त्यांनी उपकार केलेत. मी विक्रमकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, त्या मोबाईलमध्येच त्याचा माग होता, तुम्ही तो पुसलात. मी तोंड उघडलंही. पण आप्पांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, “अपेक्षा, तू दर रविवारी वाचत हुतीस न्हवं? मग तुला कसं दिसलं न्हाय?”

मी आत निघून गेले.

गुरुवारी दुपारी शाळेत मोकळ्या तासाला माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, ‘अब फॅमिली ग्रुप में डालूँ?’ आमचा ग्रुप आहे हे त्याला ठाऊक होतं. माझा नंबरही तिने कधीतरी विश्वासाने दिला असणार.

मी प्रयोगशाळेत गेले, दार लावलं आणि व्हिडिओ लावला. तेवीस सेकंदांचा होता. आमची गच्ची, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. संस्कृतीने शाळेचा गणवेशच घातला होता, कमरेला शालूताईंची लाल ओढणी बांधली होती. लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं गाणं होतं. ती नाचत होती. एकदा गिरकी घेताना चादरीत अडकली आणि इतकी हसली की कॅमेरा ठेवला होता तिथपर्यंत तिला परत नीट येता येईना. बस. एवढंच होतं. ह्या तेवीस सेकंदांसाठी माझी मुलगी एका अनोळखी माणसाला भेटायला एकटी स्वारगेटला गेली होती. हे मला दाखवण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं होतं. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. ती अशी हसलेली मी वर्षभरात बघितली नव्हती, आणि ते हसू तिने ज्याला दाखवलं तो माणूस असा निघाला.

मी घरी जाऊन आप्पांपुढे उभी राहिले. “मी संस्कृतीला घेऊन पोलीस ठाण्यात चाललेय,” म्हणाले.

“बैठकीत ठरलंय,” आप्पा म्हणाले.

“ठरू दे.”

त्या घरात तेरा वर्षांत मी बोललेलं ते पहिलं उलट उत्तर. आप्पांनी मान फिरवली. शालूताईंनी संस्कृतीचा स्वेटर आणून माझ्या हातात दिला. विक्रम बाहेर आले आणि किल्ली घेत म्हणाले, “मी सोडतो.” त्यांनी सोडलं. आत मात्र आले नाहीत, गाडीतच बसून राहिले.

ठाण्यात ज्या बाईंकडे आम्हाला पाठवलं त्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. फौजदार होत्या, नाव आम्रपाली. त्यांनी माझ्या मोबाईलमधला नंबर उतरवून घेतला. मोबाईल पुसल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मग संस्कृतीसाठी खुर्ची स्वतःजवळ ओढली.

“संस्कृती, तू मला सगळं सांगायचंस. घाई नाही. मी लिहून घेणार. पण तुझ्या वयाच्या मुलीशी बोलताना शेजारी एक मोठं माणूस असावं लागतं. तुझा ज्याच्यावर विश्वास आहे असं. मम्मी बसेल ना?”

मी पुढे सरकले. माझा हात तिच्या खांद्याकडे गेलाही होता. संस्कृतीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते. शाळेतल्या बाईंना त्यांचं उत्तर चुकल्याचं सांगताना शहाणी मुलगी बघते, तशी संकोचून बघितलं.

“मम्मी नको,” ती म्हणाली.

“बरं. मग पप्पा?”

तिने मान हलवली.

“आजी-आजोबा? काकू? शाळेतल्या कोणी टीचर?”

प्रत्येक नावाला तिने थोडा विचार केला. खरोखर विचार केला, ते मला दिसत होतं. काकूच्या, म्हणजे शालूताईंच्या, नावाला जरा जास्त वेळ घेतला आणि मग तिलाही नको म्हणाली. काकूने काय केलं असतं? काकू त्याच घरात राहते, एवढंच.

“तुझा विश्वास आहे असं कोणीच नाही का बाळा?” आम्रपाली मॅडमनी विचारलं.

संस्कृतीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने अगदी हळू विचारलं, “जिला मी ओळखत नाही अशी कोणी चालेल का?”

मॅडम म्हणाल्या, “चालेल.” त्यांनी फोन करून एका संस्थेतल्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या बाई अर्ध्या तासात आल्या. मला त्यांचं नावही कळलं नाही. त्यांनी संस्कृतीला पाणी दिलं, स्वतःची खुर्ची तिच्या बाजूला लावली आणि बसल्या. आम्रपाली मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आई, आपण बाहेर थांबा.”

मी बाहेर आले. दार लागलं. मग तिचा आवाज सुरू झाला, आधी अडखळत आणि मग सलग. शब्द कळत नव्हते. मी दाराला कान लावला असता तर कळले असते. मी लावला नाही, दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले. ती बराच वेळ बोलत होती.